घरी केलेल्या टेबलाच्या फळीला कुठलं पॉलिश टिकेल?

प्रश्न थोडक्यात असा: फळ्या जोडून घरीच टेबल केलं आहे, दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद. दिवसाचे आठ-दहा तास त्यावर संगणक, वही, चहाचा कप. स्प्रे गन नाही, काम राहत्या घरातच करायचं आहे. एक जण म्हणतो जवसाचं तेल लाव, दुसरा म्हणतो लॅकर, तिसरा म्हणतो इपॉक्सी ओत आणि विसरून जा. यातलं सगळ्यात टिकाऊ कोणतं?

आधी उत्तर, मग कारणं. तुमच्या जागी मी असतो तर तेलावर आधारित, एका डब्यात मिळणारं पॉलियुरेथेन व्हार्निश घेतलं असतं, ते निम्मं पातळ करून कापडाच्या बोळ्यानं सहा-सात हात दिले असते आणि पुढचा महिनाभर टेबलाशी जरा अदबीनं वागलो असतो. लाकूड हाताला लाकडासारखंच लागायला हवं असेल, आणि वर्षा-दोन वर्षांनी एक दुपार टेबलासाठी काढायची तयारी असेल, तर हार्डवॅक्स ऑइल, म्हणजे तेल आणि कडक मेण यांचं मिश्रण. बाकीचे पर्याय वाईट नाहीत, पण या टेबलाला आणि या परिस्थितीत मी ते घेणार नाही.

सगळा घोळ ‘टिकाऊ’ या शब्दात आहे. टिकाऊ कशापुढे? माझ्याकडे दुरुस्तीला येणारी कामाची टेबलं जवळजवळ सगळी एकाच जागी बिघडलेली असतात. मधला भाग नव्यासारखा, आणि बसणाऱ्याच्या बाजूच्या कडेवर, एकमेकांपासून हातभर अंतरावर, तळव्याएवढे दोन मळकट पट्टे. तिथे नख घासलं की नखात तपकिरी, गोंदासारखं काहीतरी येतं. ते मळ आणि पॉलिश यांचं मिश्रण. माणसाच्या मनगटाचा घाम आणि कातडीचं तेल रोज तास न् तास एकाच जागी लागत राहतं आणि पॉलिश हळूहळू मऊ पडतं. गरम कपाचा डाग लगेच दिसतो म्हणून सगळे त्याला घाबरतात. टेबल खरं मारतं ते मनगट.

याच्या जोडीला आणखी काही शत्रू आहेत, जे जेवणाच्या टेबलाला फारसे भेटत नाहीत. माऊस एकाच वीतभर जागेत घासत राहतो. मॉनिटरच्या आणि लॅपटॉपच्या रबरी पायांतून रबर लवचीक ठेवणारी द्रव्यं हळूहळू झिरपतात, आणि काही पॉलिशं त्यांनी चक्क विरघळतात. हात निर्जंतुक करायच्या सॅनिटायझरमध्ये मुख्यतः अल्कोहोल असतं. एका कागदावर बॉलपेननं लिहिलं की अक्षरं खाली उमटतात. ही यादी समोर ठेवली की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

बॉलपेनचा मुद्दा आधी संपवतो, कारण त्याला कुठलंच पॉलिश उत्तर देत नाही. पॉलिशचा थर केसाच्या जाडीच्या आसपास असतो. खालचं लाकूड दबलं की थरही त्याच्यासोबत दबतो. लाकडाचा कठीणपणा मोजायची जांका नावाची चाचणी आहे, ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती जोर लागतो, ते त्यात बघतात. हार्ड मेपलला सुमारे १४५० पौंड लागतात, रेड ओकला १२९०, आणि पांढऱ्या पाइनला अवघे ३८०. तुमच्या फळ्या पाइनसारख्या मऊ लाकडाच्या असतील तर कितीही महागाचं पॉलिश मारा, पेनचे ओरखडे उठणारच. त्यावर उपाय म्हणजे लिहिताना खाली पॅड घ्यायचं. आणि थोड्या खुणा होऊ द्या की, कामाचं टेबल आहे.

आता एकेक पर्याय.

जवसाचं तेल हे सगळ्यात जास्त सुचवलं जाणारं आणि कामाच्या टेबलासाठी सगळ्यात कमी उपयोगाचं. माझं स्वतःचं पहिलं टेबल मी त्याच तेलानं केलं होतं. लाकडाचा रंग असा खुलला की दोन दिवस मी नुसता बघत बसलो. तिसऱ्या आठवड्यातसुद्धा शर्टाच्या बाह्यांना वास येत होता, आणि ओल्या पेल्याखाली दहा मिनिटांत गोल उमटत होता. कच्चं तेल वाळायला कित्येक आठवडे घेतं. ‘बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते खरं तर धातूंचे क्षार घालून लवकर वाळणारं केलेलं असतं. पण वाळलं तरी ते मऊच राहतं, आणि लाकडावर त्याचा थर असा बसतच नाही. पाणी आत शिरतं. टंग नावाच्या झाडाच्या बियांचं शुद्ध तेल पाण्यापुढे याहून बरं, पण त्यालाही धीर लागतो आणि घासण्यापुढे तेही लवकर हरतं. नुसतं मेण तर टेबलाला देऊच नका; त्याची चमक आठवडाभराची आणि संरक्षण जवळजवळ शून्य.

लाखेचं पॉलिश, म्हणजे आपलं फ्रेंच पॉलिश, माझ्या आवडीचं. दिसायला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळवूनच ते करतात, त्यामुळे सॅनिटायझरचा एक थेंब ते परत विरघळवतो. शिवाय लाख ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे ताज्या चहाचा कप तिला पुरेसा आहे. शोभेच्या पेटीला द्या, टेबलाला नको. मात्र मेण काढलेली लाख घरात असू द्या, तिचं एक काम पुढे येणार आहे.

नायट्रोसेल्युलोज लॅकर भराभर वाळतं आणि त्याचा प्रत्येक थर आधीच्या थरात विरघळून एकजीव होतो, म्हणून कारखान्यांना ते आवडतं. घरात ब्रशनं मारणं अवघड, कारण ब्रश पुढे जाईपर्यंत मागचं वाळायला लागतं. दमट हवेत मारलं तर बाष्प थरात अडकून पांढुरकं धुकं येतं. आणि रबरी पायांशी त्याचं हाडवैर आहे: मॉनिटर उचलला की खाली चार चिकट, सुरकुतलेले ठसे. ही झीज नव्हे, रासायनिक मामला आहे. महागड्या लॅकरवरही तेच होणार.

दोन डब्यांतलं पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे ज्यात वापरायच्या आधी हार्डनर मिसळतात ते, टिकण्याच्या बाबतीत या सगळ्यांच्या पुढे आहे. घाम, अल्कोहोल, उष्णता, घासणं, सगळ्याला पुरून उरतं. मग ते का नको? कारण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रासायनिक पदार्थ असतात. ते श्वासावाटे आत गेले तर काही लोकांना कायमची संवेदनशीलता येते, पुढे अगदी थोड्या वासानंही दम्यासारखा त्रास होतो. धुळीचा साधा मास्क त्याला काहीच अडवत नाही. ज्यांच्याकडे स्प्रे बूथ आहे आणि बाहेरून हवा पुरवणारे मास्क आहेत, त्यांच्याकडे फळी नेऊन मारून घेता येत असेल तर खुशाल घ्या, मी आडवा येणार नाही. राहत्या घरात मात्र नाही म्हणजे नाही. मेलामाइन पॉलिशचंही तसंच: काम छान होतं, पण आम्लानं पक्कं होणारं आणि फॉर्मल्डिहाइड सोडणारं पॉलिश झोपायच्या खोलीशेजारी मारायची वस्तू नाही.

इपॉक्सी ओतणाऱ्यांचे व्हिडिओ बघायला मजा येते, मीही बघतो. काचेसारखा जाड थर, आत गोठलेलं लाकूड. पण ओतायच्या साध्या इपॉक्सी ५०-६० अंशांपुढे मऊ पडू लागतात आणि गरम कपाचा ठसा धरतात. उन्हानं पिवळ्या पडतात. त्या आरशावर पहिला ओरखडा पडला की तोच दिसत राहतो, आणि तेवढीच जागा दुरुस्त करणं फार किचकट. शिवाय दिव्याचं प्रतिबिंब दिवसभर डोळ्यांत. दहा तास ज्याच्याकडे बघत बसायचं, ते चकचकीत नसावं. बऱ्याचशा माऊसचे सेन्सरही अशा आरशावर चाचपडतात.

राहता राहिलं एका डब्यातलं पॉलियुरेथेन व्हार्निश. त्यातही दोन जाती आहेत, तेलावरची आणि पाण्यावरची. तेलावरचं लाकडाला मधासारखी पिवळसर झाक देतं आणि वर्षागणिक ती गडद होत जाते. गर्द लाकडावर ते सुंदर दिसतं; मेपलसारखं पांढरं लाकूड पांढरंच ठेवायचं असेल तर मनाविरुद्ध जातं. वास उग्र असतो, दोन हातांमध्ये साधारण एक दिवस जातो. पाण्यावरचं जवळजवळ रंगहीन, वास कमी, दोन-तीन तासांत पुढचा हात. घरात तान्हं मूल असेल, कुणाला दमा असेल, किंवा खिडक्या उघड्या ठेवता येणार नसतील, तर माझी पहिली शिफारस बाजूला ठेवा आणि पाण्यावरचं घ्या. त्यात फरशीसाठी, म्हणजे लाकडी जमिनीसाठी बनवलेले प्रकार जास्त कडक असतात. पण त्याच्या खोडी सांभाळाव्या लागतात: पाणी लागलं की लाकडाचे रेषे उभे राहतात, आणि गर्द लाकडावर ते जरा थंड, निर्जीव दिसतं. आधी मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात दिला की दुसरी तक्रार बरीचशी जाते.

‘स्पार’ किंवा ‘मरीन’ असं लिहिलेला डबा बघून भुलू नका. बोटीवर चालतं म्हणजे टेबलावर उत्तमच चालेल, असं वाटणं साहजिक आहे. पण बाहेरच्या लाकडाच्या फुगण्या-आकसण्याबरोबर ताणलं जावं म्हणून ते मुद्दाम मऊ केलेलं असतं. मनगटाखाली तोच मऊपणा नडतो.

आणि हार्डवॅक्स ऑइल? वाळणारी तेलं आणि कार्नौबासारखी कडक मेणं यांचं हे मिश्रण. दोन अगदी पातळ हात, जादा सगळं पुसून काढायचं. थर इतका पातळ असतो की हात लाकडावरच फिरतोय असं वाटतं. व्हार्निशच्या मानानं ते पाण्यापुढे आणि घामापुढे कमी तग धरतं, यात वाद नाही. पण त्याच्या बाजूनं एक जबरदस्त गोष्ट आहे. मनगटाची जागा मळली की तेवढीच जागा बारीक पेपरनं घासा, तेवढ्याच जागेवर परत ऑइल लावा, पुसा, संपलं. सांधा दिसत नाही. व्हार्निशमध्ये असं ठिगळ लावता येत नाही. नव्या तुकड्याची कड डोळ्यांत येते आणि शेवटी सगळी फळी घासावी लागते. ही सवड आणि आवड तुमच्यात आहे का, हे तुम्हालाच माहीत. मी स्वतः आता ज्या टेबलावर हे लिहितोय त्याला हार्डवॅक्स आहे. गिऱ्हाइकाला मी व्हार्निश देतो, कारण गिऱ्हाईक दर वर्षी टेबल घासणार नाही.

पॉलिश ठरलं, तरी अर्ध्याहून जास्त काम डबा उघडण्याआधीचं असतं.

रंधा मारून फळी सपाट झाली की तिच्यावर पेन्सिलनं आडव्या-तिडव्या रेघा ओढा आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. रेघा जिथे राहतात तिथे खड्डा आहे. सगळ्या गेल्या की परत ओढा आणि १२० घ्या, मग १८०. थांबा तिथेच. व्हार्निशसाठी याहून गुळगुळीत करण्यात काही मिळकत नाही, आणि हार्डवॅक्ससाठी फार चोळलेलं लाकूड उलट तेल कमी पितं. शेवटचा पेपर हातानं, रेषांच्या दिशेनंच फिरवा. मशीननं उठलेले बारीक गोल ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिश पडलं की हसत वर येतात. फळीवर प्लाय किंवा व्हिनिअर असेल तर ८०चा पेपर हातात धरूसुद्धा नका. वरचं लाकूड अर्धा-पाऊण मिलिमीटरच असतं.

मग एक काम करा, जे बहुतेक जण करत नाहीत. कापड टर्पेंटाइनमध्ये भिजवून सगळी फळी एकदा ओली करा आणि टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. त्या अर्ध्या मिनिटात पॉलिशनंतर काय दिसणार ते सगळं दिसतं. तुम्ही फळ्या चिकटवल्या आहेत, म्हणजे सांध्यांजवळ डिंक बाहेर आला असणार आणि तो बोटानं कुठे कुठे पसरला असणार. तसे डाग इथे फिकट पांढुरके दिसतात, कारण डिंक लागलेलं लाकूड ओलं होत नाही. पेन्सिलनं खूण करा, वाळल्यावर खरवडा, घासा. हे आत्ता चुकलं तर तीन हात मारल्यावर कळेल आणि तेव्हा रडावंसं वाटेल.

पुढची कड गोल करा. टोकदार कडेवर कुठलंही पातळ पॉलिश टिकत नाही, ओलं असतानाच ते कडेवरून मागे सरकतं आणि तिथला थर सगळ्यात बारीक राहतो. नेमकी तीच जागा मनगटाची. तीन मिलिमीटरची गोलाई पुरे. हाताला बरं वाटतं आणि पॉलिशचं आयुष्य वाढतं. फळीच्या दोन्ही टोकांना, जिथे रेषे आडवे कापलेले असतात, तिथे लाकूड स्पंजासारखं पितं, म्हणून ती टोकं एक नंबर जास्त बारीक घासा आणि एखादा हात जास्त द्या.

सागवान, शिसवी अशी तेलकट लाकडं असतील तर त्यांच्यातली नैसर्गिक द्रव्यं तेलावरच्या व्हार्निशला वाळू देत नाहीत. आठवडा झाला तरी चिकटच, असं ऐकलंत तर बहुधा हेच कारण. ॲसिटोननं पुसून लगेच पहिला हात मारा, किंवा मधे मेण काढलेल्या लाखेचा एक थर द्या. साधी लाख मात्र नको. तिच्यातल्या मेणामुळे पॉलियुरेथेन नीट धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात.

खालची बाजू विसरू नका. पॉलिश आर्द्रता थांबवत नाही, फक्त तिची ये-जा संथ करते. एकच बाजू बंद केली तर दोन्ही बाजूंचा वेग वेगळा होतो आणि फळी वाकायची शक्यता वाढते. खाली सहा हात देत बसू नका, दोन-तीन पुरेत. आणि फळी पायांना जोडताना स्क्रूची भोकं लांबट ठेवा. पाऊण मीटर रुंदीची फळी ऋतू बदलताना पाच-सात मिलिमीटर सहज हलते. तिला घट्ट आवळली तर ती चिरते, आणि चीर पडल्यावर लोक पॉलिशला नावं ठेवतात.

आता प्रत्यक्ष हात. जुना सुती बनियन कापून त्याचा बोळा करा, बाहेरच्या बाजूला शिवण येऊ देऊ नका. व्हार्निश आणि टर्पेंटाइन समसमान मिसळा. डबा हलवायचा नाही, ढवळायचा. हलवला की बुडबुडे येतात आणि तुमच्या टेबलावर कायमचे बसतात. मॅट किंवा सॅटिन घेतलं असेल तर चमक मारणारी पूड तळाशी बसलेली असते, ती काठीनं खरवडून वर आणा, नाहीतर पहिले हात चकचकीत आणि शेवटचे राखाडी होतील. मी तर सगळे हात ग्लॉसचेच देतो आणि फक्त शेवटचे दोन सॅटिनचे. त्या पुडीचे सहा-सात थर एकावर एक चढले की लाकूड धुकट दिसायला लागतं. अगदी मॅटही टाळा. माऊसनं घासून तेवढा तुकडा महिन्या-दोन महिन्यांत चमकायला लागतो आणि कितीही पुसला तरी तसाच राहतो.

बोळा ओला हवा, पण त्यातून थेंब गळता कामा नये. लांब, सरळ, रेषांच्या दिशेनं पट्टे मारा आणि मागे वळून बघू नका. एखादी जागा सुटली तर सुटली, पुढच्या हातात भरेल. अर्धवट वाळलेल्या व्हार्निशवर परत बोळा फिरवणं ही नवशिक्याची सगळ्यात जुनी चूक. तिथे ओढल्यासारखी सुरकुती उठते. असा हात इतका पातळ असतो की त्यावर धूळ बसेपर्यंत तो वाळत आलेला असतो, आणि ओघळ येतच नाहीत. ब्रशनं जाड मारलं तर दोन-तीन हातांत काम होतं हे खरं, पण घरातली धूळ, केस आणि एखादी माशी त्यात अडकणारच. बोळ्याचे साधारण तीन हात म्हणजे ब्रशचा एक, असा हिशोब धरा. एक लिटरचा डबा दोन्ही बाजूंना पुरून उरेल.

दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्या. सकाळी नख टोचून बघा, आणि ३२०चा पेपर हलका फिरवा. पांढरी भुकटी पडली तर वाळलं आहे. पेपर चिकटतोय, गोळ्या होतायत, तर आणखी थांबा. पहिल्या दोन हातांनंतर नुसती बोटं फिरवून खडबडीत लागेल तिथेच घासा, नाहीतर कडेवरचा थर निघून लाकूड उघडं पडेल. पाण्यावरचं व्हार्निश असेल तर मधे स्टील वूल वापरू नका, त्याचे कण अडकून गंजतात. त्या प्रकारात आधीच फळी ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून, उभे राहिलेले रेषे २२०नं उतरवून घ्यायचे असतात.

एक इशारा, आणि तो गमतीत घेऊ नका. तेलाच्या किंवा तेलावरच्या व्हार्निशच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. वाळणारं तेल हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं. पसरलेल्या चिंधीतून ती उडून जाते, बोळ्यात कोंडते आणि काही तासांनी, तुम्ही झोपलेले असताना, चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर एकेक पसरून कडक वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. हे हार्डवॅक्स ऑइललाही लागू आहे.

शेवटचा हात कोरडा झाला म्हणजे काम झालं, असं वाटतं, आणि इथेच मी स्वतः तोंडघशी पडलोय. वाळणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. सहाव्या दिवशी बोटाला काही लागत नव्हतं म्हणून मी मॉनिटर ठेवला. पुढच्या महिन्यात उचलायला गेलो तर ‘चर्र’ आवाज झाला आणि रबराबरोबर व्हार्निशचे दोन तुकडे निघून आले. तेलावरचं पॉलियुरेथेन पूर्ण पक्कं व्हायला महिनाभर घेतं, पाण्यावरचं दोन-तीन आठवडे. तीन-चार दिवसांनी टेबलावर बसा, लिहा, काही बिघडत नाही. पण जड वस्तू, रबर, डेस्क मॅट आणि गरम कप महिना होईपर्यंत नको. थांबणं शक्यच नसेल तर मॉनिटरच्या पायांखाली फेल्टचे तुकडे ठेवा. मॅटखाली हवा जात नाही, म्हणून तिथलं व्हार्निश मऊच राहतं, आणि मॅटचा ठसा कायमचा बसतो.

हे सगळं मुख्य फळीवर करण्याआधी उरलेल्या तुकड्यावर करा. नुसता एक हात मारून रंग बघायचा नाही. घासण्यापासून शेवटच्या हातापर्यंत सगळं, आणि मग छळ. ओला पेला रात्रभर, सॅनिटायझर पाच मिनिटं, चहाचा गरम कप, कागदावर बॉलपेन. पांढरा गोल उठला तर ओल थरातच अडकली आहे, तो बऱ्याचदा काही दिवसांत आपोआप जातो. काळा गोल उठला तर पाणी थर ओलांडून लाकडात गेलं आहे. ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडावर ओला लोखंडी डबा राहिला की असाच शाईसारखा डाग पडतो; तो पॉलिश काढून ऑक्झॅलिक ॲसिडनंच निघतो. तुकड्यावर काळा गोल दिसला तर थर कमी पडतोय, आणखी दोन हात वाढवा.

पुढची निगा अगदी थोडी. ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं. मनगटाची जागा आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसा. घामाचं तेल तिथे मुरू दिलं नाही तर व्हार्निश वर्षानुवर्षं तसंच राहतं. सिलिकॉन असलेले चमकीचे स्प्रे मारू नका. आज छान दिसेल, पण सिलिकॉन एकदा शिरलं की पुढच्या वेळी नवा थर त्यावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे सोडत फाटतो, आणि ते निस्तरताना नाकी नऊ येतात. कधी फळीची सगळी चमक गेली, ओरखडे वाढले, पण थर अजून शाबूत असेल, तर ३२०नं नुसतं धुरकट करा, पुसा आणि वर दोन नवे हात द्या. लाकडापर्यंत जायची गरज नाही.

आणि फळी पायांवर चढवण्याआधी ती उलटी असतानाच, खालच्या बाजूला एका कोपऱ्यात मार्करनं लिहून ठेवा: कुठल्या जातीचं व्हार्निश, तेलावरचं की पाण्यावरचं, किती हात, खाली लाख आहे की नाही, तारीख. दहा वर्षांनी कुणी हे टेबल दुरुस्तीला नेलं तर पहिला प्रश्न हाच येईल, आणि तेव्हा तो डबा कुणाच्याच लक्षात नसेल. मी अशा वेळी अल्कोहोल, मग थिनर, मग ॲसिटोनचा एकेक थेंब टाकून कोणतं विरघळतंय ते बघत बसतो.